फोटोपुरता पट्टा

भाजे गावच्या शाळेत आमच्या संस्थेचं रक्तदाब तपासणीचं शिबिर होतं. मी तिथे इंटर्न होतो, फोटो काढून सोशल मीडियावर टाकणं हे माझं काम. एका मावशींचा रक्तदाब जास्त निघाला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि नेमका तपासणीचा फोटो माझ्याकडून हुकला.

मी त्यांना परत बसवलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्र चालूही केलं नाही. मावशींनी मात्र चपला काढल्या, पदर सारखा केला आणि देवापुढे बसावं तशा श्वास धरून बसल्या.

"किती आलं?"

"ठीक आहे, मावशी." मी मोबाईलमधला फोटो बघून म्हणालो.

पोस्ट चांगली चालली. महिन्याने पुन्हा शिबिर लागलं, तेव्हा मावशी भिंतीला धरत धरत आल्या. नर्सताईंनी विचारलं, "गोळ्या घेताय ना?"

"न्हाई. ह्यानं मागनं बघितलं नव्हं का? ठीक हाय म्हनला. मंग गोळ्या शेजारणीला दिल्या."

नर्सताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. एका वाक्यात खरं सांगून झालं असतं, पण मी फक्त "परत तपासू या" एवढंच पुटपुटलो.

नर्सताईंनी पट्टा उचलला. मावशींनी हात मागे घेतला आणि माझ्यापुढे केला.

"ह्यालाच बघू द्या, बाई. ह्याच्या हाताला गुण हाय."