रोह्याकडे निघालेली रिकामी पिकअप

माझ्या जावेला सायकलवरून रोह्याला जायचं होतं. रोहा तिचं माहेर. कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा माहेरची माणसं शेवटचं भेटावं तशी भेटून गेली होती, आणि ते ती विसरली नव्हती. मुंबईला उपचारांसाठी जाणाऱ्या बायकांच्या प्रवासखर्चासाठी आम्ही पेणच्या पाचजणी सायकलफेरी काढतो. या वेळी रोह्यापर्यंत काढू, असं तिनंच सुचवलं. माझ्या दिरांनी हो म्हटलं, पण रस्त्यात काही झालं तर सायकल विकायची, या अटीवर.

त्यामुळे काही झालंच तर घरी बोलायचं नाही, असं आमचं ठरलं.

ऑपरेशनच्या बाजूचा तिचा डावा हात सुजतो, त्यात ब्रेक दाबायची ताकद नाही. मी मागचा ब्रेक उजव्या मुठीला घेऊन दिला. उजवा हात सोडला की तिला थांबता येत नाही, म्हणून वळताना ती हात दाखवत नाही. मी तिच्या मागे असते, मी दाखवते.

सरावासाठी आम्ही रविवारी सकाळी वडखळच्या पुढे जाऊन परत यायचो. त्याच वेळी पेणजवळच्या जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यांतून गणपती भरलेल्या पिकअप माणगाव-महाडकडे निघालेल्या असत. त्यांचा त्रास नव्हता. मूर्तीचं बोट तुटलं तर ड्रायव्हरच्या गळ्यात, त्यामुळे भरलेली गाडी नव्या नवरीसारखी जाते. भीती असायची ती रिकाम्या परतणाऱ्यांची. मागून फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, साखळ्या वाजल्या की आम्ही एका रांगेत कडेला सरकायचो.

त्यातला एक पांढऱ्या पिकअपवाला दर वेळी काच खाली करून विचारायचा, "काय गो, घरी भाकऱ्या कोण थापतंय?" त्याचं काही वाटत नव्हतं. मग एकदा रामवाडीला जाऊ वळली, मी मागून हात दाखवला होता, तरी चुकीच्या बाजूने पुढे घुसणाऱ्या त्याला कचकन ब्रेक मारावा लागला. तो खाली उतरला.

"हात दाखवता येत नाय? हात हाय ना?"

आमच्यातल्या धाकटीने रागाच्या भरात ऑपरेशनचं सांगून टाकलं. तिला वाटलं, तो वरमेल. त्याने जावेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आजारी हायस तर घरात पडून राहायचं. आज ब्रेक मारला. दर वेळी नाय मारणार."

आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. तो हे भाव सांगावा तसं बोलला.

मी तक्रार करू म्हटलं. जाऊ म्हणाली, पोलीस आधी घरी फोन करतील, आणि फोन आला की सायकल गेली. ते खरंच होतं.

फेरीच्या दिवशी नागोठणं सोडून भिसे खिंडीच्या चढाला लागलो आणि मागून साखळ्या ऐकू आल्या. सवयीने मी कडेला सरकले. मग लक्षात आलं, रिकामी गाडी पेणच्या दिशेला जाते. मूर्ती भरायला रोह्याला कोणी जात नाही. वळून पाहिलं तर तीच पांढरी पिकअप. सबंध चढ ती आमच्या वेगाने मागे राहिली. हॉर्न नाही, काही नाही.

माथ्यावर मी जावेला म्हटलं, उतार चालत उतरू.

"चालायचं असतं तर एसटीनं आले नसते?" ती म्हणाली आणि पुढे झाली.

उतारावर पिकअप बाकीच्या तिघींना आणि मला ओलांडून तिच्या बरोबरीला आली आणि तिथेच राहिली. मध्ये हातभर जागा, डावीकडे गटार. जाऊ समोर बघत होती, उजवी मूठ आवळलेली. ती थांबेना, तोही पुढे जाईना. वळणावर समोरून टँकर आला, त्याने लांबलचक हॉर्न दिला. पिकअप अगदी शेवटच्या क्षणी मागे आली. टँकर गेल्यावर आम्हाला ओलांडून ती रोह्याकडे निघून गेली.

माहेरच्यांनी जावेला ओवाळलं. तिच्या आईने तो सुजलेला हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दिरांचा फोन आला. रस्त्यात त्रास नाही ना झाला?

"नाही. रस्ता मोकळा होता," जाऊ म्हणाली.

तिचा भाऊ म्हणाला, सायकली टेम्पोत टाकून पेणला सोडतो. मला ते हवं होतं. पण टेम्पो का लागला, हे दिरांनी विचारलंच असतं. जावेने माझ्याकडे पाहिलं, मी नको म्हटलं.

जेवून, बाटल्या भरून आम्ही पुन्हा खिंडीकडे निघालो. तो पिकअपवाला परत गेला होता की अजून रोह्यातच होता, आम्हाला ठाऊक नव्हतं.