अर्थिंगला पाणी

आमच्या घरातली लाइट मार्चात डीम-फुल व्हायला लागली आणि आमच्या ह्यांना वाटलं, चला, आता घरच्यांना आपली हुशारी कळणार. वीस वर्षं शेतावर मोटारीच्या स्टार्टरशी खेळलेला माणूस. दोनदा झटका बसून भुईवर आपटला, तरी पारावर बसून सांगणार, "लाइटीचं मला शिकवू नका." उंटावरचा शहाणा!

आधी ह्यांनी बल्बाला दोन टपल्या दिल्या. मग नवा बल्ब आणला. तोही तसाच लुकलुकला, तेव्हा दुकानदाराला शिव्या घातल्या. शेवटी वाळका बांबू घेऊन खांबावरची वायर हलवून आले. बांबूनं वायर हलवणं ही आमच्या चौसाळ्याकडची मोठी विद्या आहे. कुणाचीही लाइट गेली की चार बाप्ये बांबू घेऊन निघतात, आणि लाइट आपली आपण आली तरी मिशीला पीळ त्या बाप्यांचा. त्या विद्येनं खांबावरचा उरलासुरला जोडही तुटला आणि घरात अंधार झाला.

"न्यूट्रल गेलं," ह्यांनी जाहीर केलं. एवढं मात्र बरोबर होतं; वीज परत नेणारी वायर तुटली होती. मग वायरमनला बोलवावं की नाही? छे! पारावर काय तोंड दाखवणार? शेतातल्या कोपीवर, झोपडीत, करतात तेच घरी केलं. मोरीमागं, टाकीच्या नळाचा लोखंडी पाइप जमिनीत जातो तिथंच एक सळई ठोकली आणि घरातली दुसरी वायर तिला बांधली. वीज खांबावरून यायची आणि आमच्या मोरीमागच्या मातीतून परत जायची. बल्ब पेटला. दीर टाळ्या वाजवायचेच बाकी राहिले. "हाय का न्हाई डोकं?" हे म्हणाले.

पण माती वाळली की लाइट मंदावायची. मग सळईला पाणी घालायचं, वर मूठभर मीठ. आमच्याकडं पाणी आठ दिवसांनी येतं. भांड्याचं पाणी मी झाडाला घालते, तांब्याचा हिशोब ठेवते, आणि हा माणूस खाटेवर पडून ओरडतो, "अगं, टीव्ही हलायलाय, अर्थिंगला बादली घाल की!" तुळस वाळली तरी चालेल, सळईची तहान भागली पाहिजे. आणि घालणारी कोण, तर मी.

मेमध्ये भांडी घासताना ओला हात नळाला लागला की मुंग्या यायला लागल्या, पार कोपरापर्यंत. मी सांगितलं, "अहो, नळाला करंट येतोय." ह्यांनी टेस्टर लावला. टेस्टरातला दिवा पेटला. डोळ्यांनी बघितला मी. "एवढं असतंयच," म्हणाले, "तुला वात झालाय."

आणि ज्याला गल्लीतल्या वायरमनला हाक मारायची लाज वाटत होती, तो मला मोटारसायकलवर बसवून बीडला डॉक्टरकडं घेऊन गेला! आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी. डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवस मी गोळ्या खाल्ल्या आणि सळईला पाणीही घातलं, मुकाट्यानं. ह्यांचा राग येतोच, पण त्या पंधरा दिवसांसाठी मला माझाच जास्त राग येतो.

एका सकाळी कळशी भरताना हात नळाला चिकटला. ओरडायचं होतं, पण आवाजच निघेना. वाटलं, संपलं. मोरी निसरडी होती म्हणून पाय सटकला आणि हात सुटला. कपाळाला खोक पडली. हे आतून म्हणाले, "कावून पडलीस? बघून चालावं की."

मी पदरानं कपाळ दाबलं आणि स्टँडपाशी पाण्याच्या जळालेल्या मोटारी बांधून देणारे चाचा आहेत, त्यांच्याकडं चालत गेले. ते हातातलं काम टाकून आले. मोरीमागं वाकले, सळई बघितली, आणि आधी घरातला मेन स्विच पाडला.

"भाभी, ये किसका काम है?"

मी ह्यांच्याकडं बोट केलं.

"इथं पाणी कोण घालतं?"

"मी."

चाचांनी ह्यांच्याकडं एकदाच बघितलं. म्हणाले, "मालक, आजवर वाचली, नशीब समजा."

त्यांनीच फोन करून वायरमनला बोलावलं. त्यानं लाइन बंद करून खांबावर चढून जोड केला, चाचांनी सळई उपटून फेकली. दुपारी बल्ब लागला तो एकसारखा, जरासुद्धा न हलता.

हे मोरीच्या दारात येऊन उभे राहिले. "मी म्हणलंच हुतं, खांबावर लूज हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लाव बरं हात नळाला. गेला का करंट, बघू."

माझ्या कपाळाची खोक अजून ठणकत होती. मी म्हणाले, "तुमी लावा."

दीर बघत होते, चाचा बघत होते. ह्यांनी हात पुढं केला. नळापासून वीतभर अंतरावर तो थांबला.

"मी कशाला लावू?" ते म्हणाले. "मुंग्या तुला येत हुत्या." आणि दोन्ही हात खिशात घातले.