बाहेरची मदत कशाला म्हणायचं

हे मी बहिणीला सांगितलं नाही, सुनेला नाही, ह्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या ओट्यावर चहाला येणार नाही.

आमचे हे हौशी रेडिओवाले. सरकारचं लायसन आहे, पालेगावच्या घराच्या गच्चीवर लोखंडी खांब आहे, त्यावर अँटेना. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून सेटपुढे बसून जगभर हाका मारतात. कॉन्टेस्ट असली की शनिवार-रविवार घरात मिक्सर लावायचा नाही. जितके नवे देश लागतील तितके मार्क. एकट्याच्या गटात खेळायचं तर सगळं आपल्याच कानांनी शोधायचं. कुठला देश सेटच्या कुठल्या आकड्यावर बोलतोय हे दुसऱ्या कुणी सांगितलं, की ती बाहेरची मदत. मग गट वेगळा.

एवढ्यावर किती भांडावं माणसांनी? चार-पाच रेडिओवाले जमायचे आणि हेच दळण. बायकोने पंखा लावून दिला तर मदत का? मुलाने घड्याळ बघून वेळ सांगितली तर? उल्हासनगरचे मोहनभाई, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, ह्यांचे सगळ्यात जुने दोस्त, मुद्दाम काडी लावायचे. "दादा, भाभी की चाय किस में आती है? त्याच्याशिवाय तर तुमचा आवाजच निघत नाही."

"चहा चालतो. आकडा चालत नाही," हे म्हणायचे.

म्हणजे नियम मला माहीत नव्हता असं नाही. तो मला झोपेतही म्हणता आला असता.

ह्यांनी शब्द दिला होता — एकदा पहिला नंबर येऊ दे, खांब काढतो. मला गच्ची हवी होती. खांबाला ताण दिलेल्या तारा चारी बाजूंनी. मिरच्या वाळत घालायच्या तरी वाकून जायचं, कपाळाला तार लागायचीच. वर्षं गेली, नंबर येईना. वैताग आला होता मला. प्रेमाने केलं असं कुणाला वाटायला नको.

त्या रविवारी हे संडासात गेले होते आणि बदलापूरहून मुलाचा फोन आला. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं होतं — समुद्रातलं कुठलंसं बेट, ह्यांना कधी न लागलेलं, आत्ता बोलतंय. त्याने आकडा दिला. म्हणाला, बाबांना सांग पटकन. त्याला नियमाचं काय? मला होतं. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी ते बेट सोडून दिलं असतं. तेवढे सरळ आहेत. म्हणून मी सांगितलं नाही. मी सेटपाशी गेले, मोठी चकती असते ती फिरवली, तो आकडा आला तशी हात काढला, आणि आत जाऊन भेंडी चिरायला बसले.

हे येऊन बसले, बेट लागलं, आपल्याच कानांनी शोधलं असं ह्यांना वाटलं. पहिला नंबर आला. खांब काढला नाही — उलट आणखी उंच केला.

इथवरच असतं तर मी तोंड उघडलं नसतं. नवऱ्याला फसवलं, बरं, फसवलं. पण पुढच्या कॉन्टेस्टनंतर मोहनभाई आले आणि आपणहून बोलले. "दादा, एक स्टेशन बहूने मोबाइलवर बघून सांगितलं. मैंने माँगा नहीं, ती बोलून गेली, मी घेतलं. ये मदद में आता है क्या?"

हसतच विचारलं होतं. हे उठून उभे राहिले. आता पहिल्या नंबरवाले ना. म्हणाले, "येतं. चोरी आहे ही. एकट्याच्या गटातून नाव काढ, नाहीतर मी कळवतो. मला ते बेट कुणी सांगितलं होतं का?" बाकीचे माना हलवत होते.

मी ट्रे घेऊन दारात. मोहनभाईंनी माझ्याकडे बघितलं. "भाभी, तुम बोलो. येता-जाता ऐकता तुम्ही सगळं."

एक वाक्य पुरलं असतं. ह्यांची भीती होती? नव्हती, ह्यांनी आजवर हात उगारलेला नाही. मग काय होतं? चार माणसांत ह्यांचं तोंड उतरलेलं मला बघायचं नव्हतं — आणि त्याहून, मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली असती. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं, मी चौथी शिकलेली." सगळे हसले. मोहनभाईही हसले आणि चहा न घेता उठले.

त्यांनी नाव काढून घेतलं. सेट देऊन टाकला. ओट्यावर परत आले नाहीत. हे म्हणतात, रुसलाय, येईल. तसं म्हणणंही आता कमी झालंय.

मागच्या महिन्यात माझा मोबाइल चार्ज होईना म्हणून मी मोहनभाईंच्याच दुकानात गेले. दुसरीकडेही गेले असते. मुद्दाम तिथे गेले, सांगायचं ठरवून. त्यांनी स्टूल दिलं, पिन साफ करून दिली. म्हणाले, "दादा को बोलना, वो सही था. नियम म्हणजे नियम."

मी मान हलवली. "सांगते ह्यांना," म्हटलं, आणि रिक्षात बसले.