गाण्यात नसलेल्या चपला

शारजातल्या अल मजाजहून दुबईच्या ऑफिसला मी तीन वर्षं एका तमिळ सहकाऱ्याच्या गाडीतून जायचो. ट्रॅफिकमध्ये अडकलो की तो तमिळ सिनेमातली प्रेमगीतं लावायचा आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मला अर्थ सांगायचा. एका गाण्यातला नायक म्हणे बायकोच्या चपला दारातून हलवतच नाही. "काय लिहितात तुमचे गीतकार," मी म्हणायचो. तो नुसता आवाज वाढवायचा.

गेल्या महिन्यात त्याची नोकरी गेली आणि तो गावी परतला. परवा ऑफिसातल्या एका तमिळ बाईंना मी तेच गाणं ऐकवलं. "यात चपला कुठेच नाहीत," त्या म्हणाल्या, "नुसता चंद्र आणि डोळे आहेत."

त्याच्या घरी मी एकदाच गेलो होतो. दारात बायकी चपलांचा धूळ बसलेला जोड होता. पाणी त्यानेच आणून दिलं. वहिनी कुठे आहेत, एवढंही मी विचारलं नाही.