पहिला गिलास

१८ मे १९५४, मंगळवार. गोड्या पाण्याच्या एका कावडीचे सहा आणे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या दुपारी कंपाउंडरचाचा, कावडवाला आणि मी, असे तिघे होतो.

तेल्हाऱ्याला माहेरी गेलेल्या बायकोला जुलाब-उलट्या लागल्या म्हणून तिला अकोल्याच्या या दवाखान्यात आणलं होतं. शिरेतून सलाईन चालू होतं. मिनिटाला चाळीस थेंब, मी घड्याळ लावून मोजले होते. बाटली सव्वातीनला संपणार होती. पुढच्या बाटलीचं पाणी मागच्या खोलीत तयार होत होतं. तांब्याच्या भांड्यात पाणी उकळे, वाफ नळीतून थंड होऊन काचेच्या बरणीत टपटपे. ऊन, वाफ, तो आवाज. मला कुठल्यातरी नदीच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं.

"मास्तर, पट्टी बांधून येतो. पहिला गिलास फेकून द्या, मग बरणी लावा," चाचा सांगून गेले.

गिलास भरला. पाणी निर्मळ होतं. तेल्हारा खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरींचं पाणी खारं. तिथे भाजी धुतलेलं गोडं पाणीही गायीला पाजतात. लग्नानंतर बायकोने मलाही तेच वळण लावलं होतं. मी गिलास बरणीत ओतला.

मग तंद्रीतच तिच्याजवळ गेलो. नळीतला थेंब फुगे, थांबे, पडे. तिच्या हाताची शीर त्याच्यामागे निळी दिसत होती. हेच पाणी थोड्या वेळाने तिथून जाणार, हे तेव्हा उमगलं. मी परत धावलो. चाचा पट्टी बांधून आले होते.

"चाचा, तो गिलास म्या बरणीत टाकला."

"अरे मास्तर! त्यात नळीची घाण असते. तिले थंडी वाजून ताप भरला असता!"

"थोडंसंच होतं."

"थोडं तुमच्या गणितात. रक्तात थोडं नसते." त्यांनी बरणी मोरीत रिकामी केली. "पण सांगतलं कावून? मले तर कळलंच नसतं."

"तिले तर कळलं असतं ना."

भांड्यातलं पाणी संपलं होतं. कावडवाल्याला पुन्हा पाठवलं. उरलेली बाटली पुरावी म्हणून डॉक्टरांनी पावणेदोनला अर्ध्या बाटलीवर थेंब वीस केले. मी चमच्याने मीठ-साखरेचं पाणी तिच्या ओठांना लावत राहिलो आणि काचेवरची रेघ उतरताना पाहत राहिलो. या वेळी पहिला गिलास मीच मोरीत ओतला.

साडेचारला नवी बाटली लागली. जुनीत बोटभर उरलं होतं. तासभर मी तिच्या कपाळावरून हात काढला नाही. थंडी वाजली नाही. तिने डोळे उघडून विचारलं, "गायीले पाणी पाजलं काय?"

दुसऱ्या कावडीचे पैसे चाचा दवाखान्यातून देत होते. मी देऊ दिले नाहीत. सहा आणे कावडवाल्याच्या हातावर ठेवले.