कुलपाआडचा म्हसोबा

पुण्याच्या एका माणसाने आमच्या चुलतभावाकडून माळाचा तुकडा घेतला. कशासाठी, तर खिडकीतून लेण्याद्रीचा डोंगर दिसावा म्हणून. डोंगर आम्हालाही रोज दिसतो, शेण काढताना.

त्या तुकड्यात आमच्या भावकीचा म्हसोबा आहे. म्हैस व्याली की चिकाच्या दुधाचा पहिला नैवेद्य त्याला, मगच घरात खरवस, हा आमचा रिवाज. जमीन विकताना चुलतभावाने विहिरीची वाट राखून घेतली. म्हसोबाची वाट मागून घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. देवाकडे जायलाही कोणाला विचारावं लागेल, असं कोणाला वाटणार?

यंदा म्हैस व्याली. आई चिकाचा तांब्या झाकून निघाली, मी मागोमाग. फाटकाला हे भलंमोठं कुलूप. आतून रखवालदाराने विचारलं, "किससे मिलना है?"

"म्हसोबाला," आई म्हणाली.

त्याने मालकाला फोन लावला आणि आम्हाला उन्हात ताटकळत ठेवलं. त्या फाटकावर एक लाथ घालावी असं मला फार वाटत होतं. आईने माझा दंड धरून ठेवला.

मालक गोड हसत आला. "या ना मावशी. आता आपण सगळे इथलेच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही इथले, हे आता हा ठरवणार!

म्हसोबाभोवती हिरवळ लावलेली, बाजूला दिवे. आणि दगड पार उघडा, काळा.

"शेंदराचे केवढे थर होते! सगळे घासून काढले. मूळ दगड किती सुंदर आहे बघा," तो कौतुकाने सांगत होता. ते थर माझ्या आजा-पणजाच्या हातचे होते. मी तोंड उघडणार तोच आई वाकली. तिने दगडावरून बोट फिरवलं.

"चांदीचं डोळं व्हतं इथं."

"ते आत कपाटात ठेवलेत. सेफ आहेत."

आई सरळ उभी राहिली. तांब्यावरचं फडकं तिने काढलंच नाही. "ह्यो आमचा म्हसोबा न्हाई, पावणं," म्हणाली आणि चालू लागली.

घरी येऊन तिने ते दूध रेडकाला पाजलं. दुसऱ्या दिवशी तोच रखवालदार निरोप घेऊन दारात. साहेबांकडे पाहुणे यायचेत, घरचा खरवस मिळेल का?

आई गोठ्यातूनच म्हणाली, "त्यास्नी सांग, आमच्यात अजून देवाचं झालं न्हाई."