काडी कसा पडला

मोठ्या दवाखान्याच्या तळघरात धुलाईघर होतं आणि तिथे तिला सगळ्याजणी घडीवाली म्हणत. यंत्रातून चादर वाफाळत बाहेर आली की दोन कोपरे तिच्या हातात, दोन समोरच्या बाईच्या हातात. ताणायची, झटकायची, जवळ यायचं, परत लांब जायचं. नाच म्हणावा तर नाच, पण त्याला गाणं नव्हतं. सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की चहाचा कडकडीत पेला ती खुशाल मुठीत धरी, आणि तो कडकडीत आहे हे तिला समोरचीच्या तोंडाकडे बघून कळे.

तिचा नवरा मास्तर. पाटी-पुस्तकाचा मास्तर नव्हे. शाळेच्या मागच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी पाच ते सात पोरापोरींना ज्यूदो शिकवणारा. हॉलला लागूनच त्या दोघांच्या दोन खोल्या. मधली भिंत पातळ. पलीकडून मास्तरांचा आवाज यायचा, "हनुवटी छातीला! तळवा आधी!" आणि मागोमाग वीस तळवे गादीवर सटासट आपटायचे. इकडे ती एकटी असायची. कधी भाजी निवडायची, कधी नुसती खिडकीकडे पाहत बसायची. त्या दोन तासांत तिला कोणी हाक मारत नसे. दिवसातलं तेवढंच तिचं होतं.

मग मास्तरांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही विझत गेलं. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळे. वर्ग बंद पडला, हॉलची किल्ली खुंटीला लागली, आणि मास्तर सकाळपासून खिडकीतल्या खुर्चीत बसू लागले. ती कामावरून आली की विचारणं सुरू. बाहेर कोण चाललंय? भांडतंय कोण? समोरच्यांच्या दाराला रंग दिला का? कुठला दिला? ती सांगायची. दोन वर्षं सांगून सांगून जिभेला घट्टे पडायची वेळ आली होती. तिला राग येत नव्हता. कीवही येत नव्हती. दिवस आला की त्याचे कोपरे जुळवायचे आणि गठ्ठ्यावर ठेवून द्यायचा, झालं.

शाळेच्या मोठ्या बाई दोनदा येऊन गेल्या. "मास्तर, पोरं विचारतात हो. हाताने चाचपून शिकवा, पण या."

"आंधळ्याने काय शिकवायचं? पोरं हसतील," म्हणून मास्तरांनी दोन्हीदा त्यांना वाटेला लावलं. दोन्हीदा ती दाराआड उभी होती. दोन्हीदा तिने मनातल्या मनात पाच ते सात हाताशी आलेलं पाहिलं, आणि गेलेलंही पाहिलं.

अशात काडीचा फोन आला. काडी म्हणजे मास्तरांचा सगळ्यांत लाडका चेला. लहानपणी इतका हडकुळा की गादीवर पडला तर आवाजसुद्धा व्हायचा नाही. तो पुढे सिनेमात मारामाऱ्या करायला गेला होता.

"सर, हीरोच्या समोर उभा आहे मी. निळा शर्ट. जबरदस्त फाइट आहे. नक्की बघा," तो म्हणाला, आणि गडबडला. "म्हणजे... ऐका, सर."

त्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "काडीने खरंच काही करून दाखवलं असेल, तर मी हॉल उघडतो. माझं शिकवणं कुठेतरी पोचलं, एवढं कळू दे मला."

तिने शनिवारी दुपारची रजा टाकली.

*

थिएटर अर्धंअधिक भरलं होतं. सिनेमाची गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढी. बर्फाच्या कारखान्यात काम करणारा एक मुका माणूस. गुंड त्याच्या बहिणीला मारतात. मग तो गुंडांना मारतो. बहीण दहाव्या मिनिटाला गेली. ती कोण होती, तिला काय आवडायचं, हे कोणी सांगितलं नाही. मरण्यापुरतीच तिला बोलावलेलं होतं.

"काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"मारतोय."

"अगं, मारतोय ते ऐकू येतंय. कशाने? हाताने की पायाने?"

"पायाने."

"कुठल्या?"

"आता काय काय बघू? दोनच डोळे आहेत मला."

"दोन तरी आहेत," मास्तर म्हणाले.

मागच्या रांगेतून एक जाडा माणूस पुढे झुकला. मांडीवर पॉपकॉर्नचा भला मोठा डबा. "ओ काकू, पिक्चर बघायला आलोय आम्ही. रेडिओ ऐकायला नाही."

मास्तरांनी मान वळवली. "दादा, मला दिसत नाही. ही सांगते तेवढंच माझं."

जाडा मागे सरकला. थोड्या वेळाने दोन खुर्च्यांच्या मधून डबाच पुढे आला. "घ्या काका." आणि आणखी थोड्या वेळाने, "डाव्या पायाने मारलं बरं का, काकूंचं चुकलं."

तिला मारामारी कधी आवडली नव्हती. पण तो मुका माणूस मारायचा कसा, तर उतारावरून पाणी जावं तसा. कुठे अडायचा नाही, मागे वळून बघायचा नाही. कॅमेराही शहाणा होता. उगाच थरथरत नव्हता, हात कुठून निघाला आणि कुठे पोचला ते सगळं दाखवत होता. एकाचा कोपर उलटा मोडला तेव्हा अख्ख्या थिएटरने श्वास आत ओढला. तिने नाही ओढला. आता आपल्याला काहीतरी वाटेल, म्हणून तिने वाट पाहिली. काही वाटलं नाही. पण नजरही हलेना. त्या माणसाला कोणी काही विचारत नव्हतं, आणि त्याला कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. तिला त्याचा हेवा वाटला म्हणावं, तर तेवढंही धड वाटलं नाही.

"सगळ्या ठोशांचा आवाज एकच आहे," मास्तर कुरकुरले. "गालावर मारलं तरी तोच, पोटात मारलं तरी तोच. आणि कोणी धापा कसं टाकत नाही? चाळीस माणसं झोडपली याने, याचा श्वास कुठे गेला?"

ती वेगळंच बघत होती. मोडलेली माणसं पडद्याच्या कडेला सरपटत जायची आणि संपायची. त्यांना उचलायला कोणी यायचं नाही. अशांच्याच चादरी तिच्या तळघरात यायच्या, तीन तीन महिने, त्याच त्या पलंगावरच्या. इतकं रक्त निघायला किती वेळ भिजत घालावं लागेल, याचा हिशेब सिनेमा करणाऱ्याने केलेला दिसत नव्हता.

आणि मग निळा शर्ट आला.

काडीच होता. दारातून धावत आला, हीरोने त्याला खांद्यावरून उचलला आणि बर्फाच्या लादीवर आदळला. दुसऱ्या क्षणी हीरो पुढच्या दारात होता. चार सेकंद. फार तर पाच.

तिने मास्तरांकडे पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर, अंग पुढे झुकलेलं, तोंड किंचित उघडं.

"आला का गं?"

"आला," ती म्हणाली. आणि थांबली नाही. "काडी आला. हीरोच्या समोर उभा राहिला. हीरोने लाथ मारली, काडीने चुकवली. आता काडीने त्याची गचांडी धरली..."

पडद्यावर जो जो हीरोला भिडला, त्या सगळ्यांना तिने काडी करून टाकलं. टकल्याचे ठोसे काडीला दिले, बर्फ ओढायचा आकडा घेतलेल्या दाढीवाल्याची झेप काडीला दिली. तिचा आवाज सपाट होता, धुलाईघरात गठ्ठे मोजताना असायचा तसाच. पण मास्तरांचा चेहरा उजळत चालला होता, आणि त्या उजेडात तिला हॉलचं उघडं दार दिसत होतं.

"आता निळ्या शर्टाने हीरोला भिंतीवर..."

जाडा पुढे झुकला. मदतच करायची होती बिचाऱ्याला. "काकू, निळा शर्टवाला कुठे आता? तो तर मघाशीच गेला की! आला आणि आपटला. हा दुसरा."

उरलेला सिनेमा तिने नुसता पाहिला आणि त्यांनी नुसता ऐकला.

*

बाहेर लख्ख ऊन होतं. बसथांब्यावरच्या बाकावर दोघं बसली. बस यायला वेळ होता.

"किती वेळ होता तो?" मास्तरांनी विचारलं.

"चार सेकंद."

"मग एवढी लांबण कशाला लावलीस?"

"तुम्ही हॉल उघडावा म्हणून."

"मी हॉल उघडला तर तुला गं काय मिळणार?"

तिने विचार केला. खोटं बोलायची ताकद आतमध्ये थिएटरातच संपली होती. "पाच ते सात मी एकटी असते," ती म्हणाली.

समोरून एक माल भरलेली गाडी गेली. मास्तरांनी हातातली काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. तिला वाटलं, आता ते चिडतील किंवा रडतील, आणि आपण बाकावर बसून तेही बघू.

"पडला कसा?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"काडी. फेकला ना त्याला? मग पडला कसा?"

"खांद्यावरून फेकला. खाली बर्फाची लादी होती."

"ते नको. कसा पडला ते सांग."

ती सांगू लागली, आणि आपण इतकं पाहिलं होतं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "हनुवटी छातीला होती. डावा हात आधी आपटला, खांद्यापासून बोटांपर्यंत सबंध. तळवा उघडा. मग पाठ आली."

"डोकं?"

"टेकलंच नाही."

"उजवा हात?"

"पोटावर."

"पाय एकमेकांवर आले?"

"नाही. एक वाकलेला, एक सरळ. मधे अंतर."

"बर्फावर ना?"

"बर्फावर."

"आणि बाकीचे? ते कसे पडले?"

"गोण्या पडतात तसे. त्या दाढीवाल्याचं डोकं तर खरंच आपटलं असेल. डोळे फिरले त्याचे. ते काही नाटक वाटलं नाही मला."

मास्तर मागे टेकले. "म्हणजे काडी त्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला," ते म्हणाले. "मारणं काय, कोणीही शिकवतं. सिनेमावाल्यांना तेवढंच दिसतं." मग ते काठीची मूठ चोळू लागले. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"एवढंसं होतं. मला वाटलं, यात काय सांगायचं?"

"सोमवारी मोठ्या बाईंना सांग, मी येतो." त्यांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा तसा झाला होता. "आणि तू बाजूला बसायचंस. कोण कसा पडतोय ते सांगायचंस मला. एवढी वर्षं तू पलीकडे बसून भाजी निवडत होतीस असं मला वाटायचं. तुला तर पडणं कळतं."

तिने ते ऐकलं. हॉल उघडणार होता. दार उघडणार होतं आणि त्या दारातून ते तिलाच आत ओढणार होते. तिने स्वतःच्या हातांनी पाच ते सातची घडी घालून त्यांच्या मांडीवर ठेवली होती. रडू यायला हवं होतं, निदान हसू तरी. दोन्हींपैकी काही वर आलं नाही. लांब वळणावर बस दिसली.

"मंगळवारी येईन," ती म्हणाली. "आणि शुक्रवारी."

"आणि बाकीचे दिवस मी काय करू?"

"चाचपा हाताने. मोठ्या बाई म्हणाल्याच होत्या."

"पोरं हसतील."

"हसू देत."

मास्तर हे मनात घोळवत होते. बस जवळ आली तसे ते उठून उभे राहिले, आणि तिच्या दंडाला धरून त्यांनी हळूच विचारलं, "बाकीचे दिवस तू काय करशील?"

"ते नाही सांगणार."

त्यांनी दंडावरची पकड सैल केली, पण सोडली नाही. बस थांबली, दार उघडलं.

"पायरी," ती म्हणाली, आणि त्यांनी पाय उचलला.